अनंताचं पाणी

मालिनीकाकूंचा अनंत पिवळा पडला
तेव्हा गल्लीनं आपापलं औषध सांगितलं.
कुणी म्हणालं गंजके खिळे पुरा,
कुणी म्हणालं ताक घाला, कुणी म्हणालं दृष्ट लागली.
समोरचा मेडिकलवाला म्हणाला, पाणी कमी पडतंय.
काकूंनी वाढवलं.
आरओच्या नळीतून वाया जाणारं
घमेल्यात धरून, थेंब न सांडता,
रोज दोन तांबे.
आठव्या दिवशी नळ येतो आमच्या सेलूत,
पाणी मोरीत सोडणं म्हणजे
ताटातली भाकरी लाथाडणं.

मी पान उन्हाकडं धरून पाहिलं.
शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी.
नकाशात नद्या तेवढ्या उरल्या
आणि शिवार गेलं, तसं.

सव्वीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत
चंचुपात्रं घासते.
इथल्या पाण्याचं अक्षर मला ओळखू येतं :
काचेवर, चहाच्या पातेल्यात, कूलरच्या जाळीवर,
कुंडीच्या काठाला,
तीच पांढरी ओळ.
माझ्या मायला तर पात्रंही लागली नाहीत.
डाळ शिजेना की म्हणायची,
पाणी जड हाय.

शनिवारी मुखेडकर सरांना विचारून
दोन बाटल्या नेल्या.
नळाची एक, घमेल्यातली एक.
ब्युरेट मीच धरली.
चंबूत अंबाडीच्या बोंडाचा लाल.
हलवत राहायचं, थेंब मोजत राहायचं,
काहीच होत नाही, काहीच होत नाही,
आणि मग एका थेंबाला
(कोणत्या, ते आधी कळत नाही)
लाल गेलेला असतो,
निळा आलेला असतो.

नळाचं सहाशे चाळीस.
घमेल्यातलं बाराशेच्या पुढं.
सर म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा केलं. तेवढंच.
पट्टी बुडवली, तिनं साडेआठचा हिरवा दाखवला.

म्हणजे काकू त्या लेकराला
रोज दोन तांबे चुना पाजत होत्या,
मायेनं.

लोखंड मातीत होतंच.
खिळे उगाच गेले.
कणगी भरलेली, आणि झाकणाला चुन्याचा लेप,
आत हात जाईना म्हणून उपाशी.

आता मी सकाळी बँकेच्या मागं जाते,
तिथं एसीची नळी भिंतीला ठिबकते.
शिपाई धुमाळ आधी हसायचा,
आता स्वतःच कॅन लावून ठेवतो.
ते पाणी काही बोलत नाही, त्याला चवच नाही.
बँकेला सुट्टी असली की
नळाच्याच बादलीत लिंबू पिळायचं,
पट्टी सहाच्या जवळ येईस्तोवर.
चुना राहतोच, पण त्याची मिजास उतरते.

काकू बघत होत्या मी पिळताना.
मूळच्या देवरुखच्या. काका डेपोत मेकॅनिक.
इथं आल्या त्या वर्षीच्या गोष्टी सांगत नाहीत कधी.
त्या दिवशी म्हणाल्या,
पहिल्यांदा न्हायले ना इथं,
साबणाला फेसच येईना.
केस असे, काथ्यासारखे.
वाटलं, आपल्यालाच न्हाता येत नाही.
मग थोडं थांबून,
मला कुणी लिंबू नाही गं पिळलं.

मी काय बोलणार.
शेवगा दारातच होता आमच्या,
याच पाण्यावर छपराच्या वर गेलेला,
शेंगांनी वाकलेला,
त्याला कधी पट्टी दाखवली नाही.
पाणी वाईट नाही हो काकू, म्हणाले,
त्याला ओळख लागते.
बोलून झाल्यावर ते मलाच खोटं वाटलं.

दीड महिन्यानं शेंड्याला दोन पानं आली,
तेल लावल्यासारखी हिरवी.
खालची पिवळी होती, ती पिवळीच राहिली.
काकू ती तोडू देत नाहीत.

घमेलं आता फरशी पुसायला.
फरशीवरही ओळ उमटते, वाळली की.