कार्ड तेच

हवल्लीच्या दुकानात अबू नवारने कॅबिनेटचं झाकण काढलं
आणि शिंकला.
चार उन्हाळ्यांचा तोझ आत बसला होता,
पिठासारखा मऊ, पंख्याच्या पात्यापात्यांवर.
"सिस्टर, हे मशीन नाही, बर्रचा तुकडा आहे,"
म्हणत तो ब्लोअर घेऊन फुटपाथवर गेला,
जिथे संध्याकाळी सातला अजून शेहेचाळीस होते.

शस्त्रक्रियेची उपमा मला कुणी देऊ नका.
बारा तास तेच बघून आलेय.
इथे मला फक्त स्क्रू दिसू देत,
आणि किंमत.

प्रोसेसर बदलायचा तर त्याची बैठक वेगळी,
म्हणून मदरबोर्ड.
मदरबोर्ड नवा, तर त्याला जुनी रॅम चालत नाही.
आणि या सगळ्या नव्या मंडळींना
जुना पॉवर सप्लाय पुरायचा नाही.
मिरजेला आईने एकदा फक्त पडदे बदलायचे म्हटले होते.
मग दिवाणाची चादर, मग दिवाण, मग भिंतीचा रंग.
शेवटी बाबांनी न बोलता
हिशेबाची वही तिच्यापुढे ठेवली होती.

"एवढं सगळं नवं, आणि कार्ड हे?"
अरबीत त्याने कुठलीशी म्हण टाकली.
मी आपली माझ्यापुरती लावून घेतली:
नव्या घोड्यावर जुनं खोगीर.
"कार्ड तेच राहील," मी म्हणाले.
त्याला वाटलं, पैसे.
पैसे होतेच. एकशे अडतीस दिनार,
त्यातले चाळीस घरी पाठवायचे.

कार्डाच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे.
रोवेनाने लावलेला. दुरुस्तीला दिलं की बदलून देतात, म्हणायची.
माझ्या नावातलं "सु" तिच्या जिभेवर कधी बसलं नाही;
सुवार्ता नाही, नुसतीच वार्ता.
फहाहीलचा फ्लॅट, माझी नाइट, तिची डे,
खुर्ची एक, मशीन एक, खेळ एक.
मी सकाळी कोबी लावून झोपायचे,
ती रात्री खाऊन टाकायची
आणि फळीवर लिहून ठेवायची:
पूल तुटलाय. मासे पेटीत आहेत. चिडू नकोस.
आठवडे जायचे, आम्ही एकमेकींना
त्या फळ्यांवरच भेटायचो.

मग तिला हॅलिफॅक्सचं बोलावणं आलं.
तेवीस किलोत कार्ड बसलं नाही.
किंवा बसवलं नाही. मी विचारलं नाही.

ब्रशने पंखा साफ करताना एक लांब केस निघाला.
अबू नवारने तो फुंकून टाकला.
वायर बांधता बांधता म्हणाला,
"कार्ड बरंच होतं. प्रोसेसर त्याला काम देत नव्हता.
इतकी वर्षं निम्मं रिकामं बसून होतं बिचारं."
मी पावती घेतली.

टॅक्सीत मशीन मांडीवर, पट्टा दोघींना मिळून.
मध्ये एका बंप्सवर मी "अगं" म्हणाले, त्याला.

डिस्क जुनी, म्हणून जग जुनंच उघडलं.
माझी झोपडी, माझा कोबी.
वीस पावलांपुढे धुकं असायचं इथे,
मशीनला झेपत नाही म्हणून आम्हीच लावलेलं.
मी ते सरकवत शेवटाला नेलं.

नदी दिसली. नदीपलीकडे टेकडी.
टेकडीवर दिवा. त्याच्या खाली दिवा.
उतरत, वळत, दिव्यांची एक रांग,
दोन्ही बाजूंना दगडी काठ लावलेली,
सरळ माझ्या शेताकडे येणारी,
आणि नदीच्या अलीकडे येऊन, बांधापासून
अकरा पावलांवर थांबलेली.
तिथे एक फळी.

दगड संपले. उद्या.

पंख्याचा आवाज तोच होता,
सुरुवातीला थोडा घोगरा, मग सरळ.
बाहेर फजरची अजान झाली.
नळाला टाकीचं पाणी आलं, अजून गरमच.
तिच्याकडून वर्षभरात काही नाही; माझ्याकडूनही.

मी पेटी उघडून मोजले.
माझ्याकडे दगड चौसष्ट आहेत.