शून्य

हाक मारायची एकच पद्धत आहे, आणि ती
चार गोष्टी विचारते:
करायचं काय, डिस्क कोणती,
कोणासाठी, आणि आकडे कुठे लिहून ठेवलेत.
कशासाठी, ते विचारत नाही.
कारणाला रकानाच नाही.

नावही तिला नको असतं.
प्रद्युम्न वसावडा, प्राणिशास्त्र, तिसरा मजला,
सायकलच्या हँडलला लटकवलेले गमबूट,
असलं काही खाली कर्नलपर्यंत पोचत नाही.
तिथे ते अठराशे सत्तेचाळीस.

अठराशे सत्तेचाळीसला पहिली मर्यादा मऊ, चाळीस जीबी:
ओलांडलीत तर नुसती ताकीद, आणि सात दिवस.
दुसरी कडक, पन्नास. तिच्यापुढे एक अक्षर लिहू देत नाही.
विश्वामित्रीच्या पुलावर नदीसाठी रंगवलेल्या पट्ट्या
मी रोज स्कूटरवरून बघते.
नदी त्या वाचत नाही, एवढाच फरक.

वसावडासाहेब रात्री काठावर मायक्रोफोन लावून बसायचे.
मगरीची पिल्लं अंड्यातूनच आईला हाक मारतात, म्हणाले,
आणि तोंडाने काढून दाखवला तो आवाज
सर्व्हर रूमच्या दारात, साठीच्या माणसाने.
एसीचा मेकॅनिक दचकून वळला.
एका रात्रीचे दोन जीबी.
"निंबाळकर बेन, थोडी जग्या मळशे?"
मी म्हटलं, अर्ज द्या, वर पाठवते.

अर्ज वर गेला.
वर म्हणजे कुठे, ते मलाही नक्की सांगता येणार नाही.
सातव्या दिवशी संध्याकाळी
कोणाला न विचारता मी चाळीसचे साठ केले,
पन्नासचे ऐंशी.
एका ओळीचं काम.

सकाळी अहवाल पाहिला:
अठराशे सत्तेचाळीस, एकोणचाळीस जीबी.
हा माणूस सात रात्री हेडफोन घालून बसला होता
आणि जिथे जिथे नुसतं पाणी वाहत होतं
तेवढं तेवढं कापून टाकलं होतं.
"बच्चांनो एक पण अवाज नथी काढ्यो, बेन. फक्त पाणी."
मी वीस जीबीचं बोलले नाही.
त्यांनी लीलो चिवडा पुढे केला, मी मूठभर घेतला.

शून्याचं मात्र सांगायला हवं.
माझ्या आधीच्या सुर्व्यांनी एकदा
हॉस्टेलच्या एका पोराला अद्दल घडवायची म्हणून
दोन्ही रकान्यांत शून्य भरलं
आणि निवांत सेव-उसळ खायला गेले.
परत येईस्तोवर पोराने अर्धी डिस्क सिनेमांनी भरलेली.
या हाकेत शून्य म्हणजे काही नाही, असं नव्हे.
शून्य म्हणजे मर्यादा नाही.
सुर्वे हे निवृत्तीपर्यंत
शिवी दिल्यासारखं सांगायचे.

मार्चमध्ये रजिस्ट्रार कार्यालयाचं पत्र आलं,
जावक क्रमांक, गोल शिक्का:
निवृत्त प्राध्यापकांच्या खात्यांची मर्यादा
तात्काळ शून्य करण्यात यावी.
यादीत सातवं नाव.
पत्र दोनदा वाचलं.
चष्मा पुसला.

करायचं काय: मर्यादा ठरव.
डिस्क: तीच.
कोणासाठी: अठराशे सत्तेचाळीस.
आकडे: शून्य, शून्य.

बाकीच्या एकवीस जणांचंही तसंच केलं,
उगाच भेदभाव नको.
पत्राच्या कोपऱ्यात लिहिलं,
आदेशाप्रमाणे कारवाई केली. सही, तारीख.

कापलेलं काही परत येणार नव्हतं त्याने.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
अठराशे सत्तेचाळीसने एक फाइल ठेवली. मोठी.
कोणाच्या फाइल्स मी उघडत नाही,
नाव तेवढं दिसतं यादीत:
पाणी ०१.