दाब

परभणीच्या मोंढ्यातून उभे बांधून आणले चार बोर्ड.
एकाचा कोपरा वसमत रोडवरच गेला.

वीस वर्षं ब्लाउज शिवते मी,
मापाचं मला कोण शिकवणार?
टेप गळ्यात, खडू कानामागं,
हातच्या सवयीनं दीड इंच दाब धरून कापला.
बोर्डाचा दाब आत दुमडता येत नाही
हे तो चौकटीत बसेना तेव्हा कळलं.
पुन्हा कापला, तर तोकडा.

स्टुलावर मी. खालून डोक्यानं रेटा देत मुंजाजी:
"लाव की लवकर, मान गेली माझी."
पहिला स्क्रू कागद फाडून आरपार,
भुगा सगळा त्याच्या मिशीत.
दुसरा तिरका.
तिसरा हातातून पडला
तो अजून सापडायचाय.

पुट्टी पुरणासारखी भरली बोटांनी,
पत्र्याखालच्या उकाड्यात
ती भरता भरताच तडकली.

रात्री पलीकडं गोदानं अभ्यासाला दिवा लावला.
फटीतून उजेडाची वाकडी रेघ
थेट माझ्या मशीनवर.

"आई, मशीन बंद कर ना."
"आता भिंत आहे की मधी."
"कुठं आहे?"

मी त्या रेघेत सुई धरली,
दोरा ओवणार, तेवढ्यात
भुग्यानं शिंक आली.