तिसरा

बोरीच्या पुलावर चढताना
दुसऱ्यातून तिसरा पडलाच नाही.
करकरून दात खाल्ले गाडीनं,
मागून कदंबा बसचा हॉर्न.

रुझारने रॅम्पवर घेतली,
थाळीत ऑइल सोडलं,
बोट बुडवून उन्हात धरलं.
पितळेचा चुरा, चमचमता.
"पळय, हो तुजो तिसरो."

आधीचा मालक वास्कोचा तारवटी.
दहा महिने बोटीवर, दोन घरी.
त्या दोनांत वर्षभराची चालवायचा म्हणे.
किल्ली देताना टपावर हात ठेवून
उगाच उभा राहिला.
मला वाटलं, भाव वाढवतोय.

नवा गिअरबॉक्स गाडीच्या निम्म्या किमतीत.
जुना कुडचड्यात मिळेल,
बहुतेक चवथीनंतर.

तोवर रुझारची शिकवणी:
क्लच. न्यूट्रल. पाय सोड.
आता थांब, आवाज खाली येऊ दे.
पुन्हा क्लच.
ढकलू नको रे, तो येतो.

बॉनेटखाली दोनशे घोडे,
आणि पुलावर मासळीवाल्याची स्कूटर
मला मागे टाकून जाते.
जाऊ दे.
मधला तो अर्धा श्वास,
गाडी कुठल्याच गिअरात नसते तेव्हा
खाली जुवारीत एक बार्ज दिसते,
सरकतेय की नाही
कळू नये इतकी हळू.