बावीस फूट

भिंत बावीस फूट, बोरस्ते म्हणाले.
टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं.
गंगापूर रोडवर नवं हॉटेल, ओल्या रंगाचा वास,
पंख्यांच्या जागी लोंबत्या वायरी.
"इथून तिथवर गाडेच गाडे पाहिजेत मॅडम.
माणूस आत आला की भूक लागली पाहिजे.
फक्त गटार नको. आणि कुत्री."

मग मंगळवारी, दिवेलागणीला,
भद्रकालीतल्या एका गल्लीत मी रेघा मारल्या,
दर दोन फुटांवर एक.
खडू रुखमाबाई गांगुर्डेंचा, भाव लिहायचा,
अर्धा मोडून दिलेला.
पोरांना वाटलं लंगडी आहे.
एक जण चौथ्या घरापर्यंत गेलाही.
ट्रायपॉड रेघेवर, क्लिक,
उचल, पुढची रेघ, क्लिक,
एकेचाळीस वेळा.
भेळभत्ता, उकडलेल्या अंड्यांचा मनोरा,
काळ्या रश्श्याचं पातेलं, वर लाल तवंग,
तवंगात डोक्यावरचा बल्ब, तोही आला,
आणि रुखमाबाईंची कढई,
जिच्यातल्या तेलाचं वय
विचारायचं नाही असं गल्लीत ठरलेलं.

"हलू नका हं मावशी, एक सेकंद."
"एक सेकंदात वडा करपतो," म्हणाल्या,
आणि हलल्या.

तीन रात्री गल्ली शिवत बसले.
अर्ध्या पाटीला अर्धी पाटी,
डाव्या बाहीला उजवी बाही.
वाफेला वाफ काही केल्या जुळत नाही,
ती सोडून दिली.
गटार पुसलं. कुत्री पुसली, तीन.
चौथ्याची शेपटी राहिली आहे एका स्टुलामागे,
सापडली तर सांगू नका बोरस्तेंना.

शिवताना कळलं,
चहा पोचवणारा मोसीन
माझ्याबरोबरच चालत होता रेघेरेघेनं.
सातव्या चौकटीत हातात भरलेले ग्लास,
एकोणिसाव्यात रिकामे,
चौतिसाव्यात नुसताच, हात खिशात,
गल्लीच्या तोंडाकडे बघत.
एका रस्त्यावर तीन मोसीन,
कुणी कुणाला ओळख देत नाही.
दोन पुसायला हवे होते.
कुठले दोन, ते ठरेना.

आणि रुखमाबाईंच्या उजव्या हाताला,
जिथे तेविसावी चौकट चोविसावीला मिळते,
सहा बोटं.

त्यांना मी स्कूटरवरून घेऊन गेले, दुपारी,
गाडा लागायच्या आधी.
खुर्ची ओढून बसल्या. मेनू मागितला.
"वडा ऐंशीला? किती येतात?"
"एक. चटणी वेगळी."
मग मान वर करून भिंतीकडे बघितलं,
आपल्या पाटीकडे. वडापाव, बारा रुपये.
"ठळक वाचता येतंय की," म्हणाल्या,
"लोक इथं जेवता जेवता वाचणार ना?"
हात मात्र त्यांनी मोजला, उभं राहून,
एकेक बोट, ओठ हलवत.
"हे सहावं कुणाचं?"
"तुमचंच. तुम्ही हललात तेव्हाचं."
थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.
"असू दे. संध्याकाळी सातला लागतंच ते."

आठवड्यानं बोरस्तेंचा फोन.
"बोटं नाही हो, बोटं कोण मोजतंय?
तेवढे बारा रुपये घालवा.
गिऱ्हाईक आमच्या पोरांना वर बोट दाखवतं."
शिडी लावली. सोबत नेला होता
वाफेचा एक तुकडा, वीतभर, छापून.
चिकटवला आकड्यावर. कापडानं दाबला.
वाफच ती,
जुळली नाही तरी कुणी विचारत नाही.

खालच्या टेबलावरून काही दिसत नाही.
भिंतीला टेकून उभं राहिलं
आणि हात वर नेऊन चाचपलं, तर
नखाला कड लागते.
मी ती नीट दाबली नव्हती.