हातचा

मानखुर्दच्या प्रसूतिगृहात दुसऱ्या मजल्यावर
जिथं पूर्वी मोडके पाळणे ठेवायचे, तिथं आता वर्ग भरतो.
खिडकीबाहेर देवनारच्या घारी,
आत आम्ही अकरा जणी, आणि टेबलावर
कमरेपासून मांडीपर्यंतचीच एक रबराची बाई.
तिला नाव नाही. चांगुणा तिला वहिनी म्हणते.

फ्लोरिन मॅडम एकोणतीस वर्षांच्या.
माझी नोकरीच सत्तावीस वर्षांची.
सकाळी त्यांनी वहिनीच्या आत बाळाचा खांदा अडकवला
आणि म्हणाल्या, गायकर सिस्टर, ओढायचं नाही.
मी ओढलं नाही. पण हात ओढायला निघाला होता
तो मलाच दिसला.
हाताला जुनं सगळं पाठ असतं,
चुकलेलंसुद्धा.

जेवणानंतर रक्ताचा तास.
रक्त म्हणजे पाणी, खायचा लाल रंग,
आणि दाटपणाला थोडं कॉर्नफ्लॉवर.
मॅडमनी ते आमच्या पाठीमागे सांडलं :
चादरीवर, दोन पॅडांवर, गॉजच्या बोळ्यांत,
थोडं फरशीवर, जिथलं कुणी धरत नाही.
मग म्हणाल्या, लिहा. किती गेलं?

मी लिहिलं तीनशे.
वृषालीनं माझं बघून अडीचशे.
कुणीच पाचशेच्या पुढं गेलं नाही.
चांगुणाला कागद दिलाच नव्हता,
ती आया, खुर्च्या मांडायला आलेली.
ती वाकली, चादरीचं टोक गोळा केलं,
मुठीत तोललं, आणि म्हणाली,
'एक तांब्या, वर पेला.'

कुणीतरी हसलं.
मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माठावरचा तांब्या मागवला.
तांब्यात मावलं सहाशे. पेल्यात दीडशे.
त्यांनी सांडलं होतं सातशे ऐंशी.

'चादरी मी पिळते ना,' चांगुणा म्हणाली,
जसं काही तिचंच चुकलं.

फळ्यावर बेरीज मांडली. चादर, पॅड, गॉज, फरशी.
मला आमच्या शाळेतले गुरुजी आठवले,
पट्टी आपटून विचारायचे, हातचा कुठाय?
हातचा कोण घेणार?

तुळसा खिल्लारे. जालन्याकडची, नाक्यावर बिगारी.
तिसरी खेप, मुलगी, रात्रीचे अडीच.
चांगुणा नवीन होती तेव्हा.
चादर बादलीत टाकता टाकता थांबली :
'सिस्टर, जड लागतीय.'
मी म्हटलं, पाणी असेल गं.
आणि रजिस्टरात लिहिलं, रक्तस्राव साधारण.
अक्षर फार सुरेख होतं माझं.
सव्वातीनला तिला शीवला न्यायला गाडी आली.
मुलगी इथंच राहिली चार दिवस,
मग एक मावशी आली, तिला पदरात गुंडाळून घेऊन गेली.
मावशीनं काही विचारलं नाही.

चांगुणानंही नाही, इतक्या वर्षांत.
आज तिनं माझ्याकडे पाहिलं का
मला ठाऊक नाही. मी फळ्याकडे बघत होते.

प्रमाणपत्र मिळालं, त्यावर गायकरचं गायकवाड झालंय.
चांगुणाला मिळालं नाही. मी अर्ज लिहून दिलाय,
कळवू म्हणालेत.

येताना भांड्यांच्या दुकानातून एक काटा घेतला,
भाजीवाला आलं-मिरच्या तोलतो तसला.
कोरडी चादर किती, ओली किती, मधला फरक तो तिचा.
इन्चार्ज म्हणाल्या, बिल लावा.
लावलं नाही. काही देणी
सरकारी नसतात.

रात्री दोनला नऊ नंबरची बाळंतीण मोकळी झाली.
मुलगा. रडला लगेच.
मी चादर गोळा केली, काट्यावर ठेवायच्या आधी
चांगुणापुढं धरली.
'कशी लागतीय?'

तिनं आधी हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवत,
मग दोन्ही हात पुढं केले.