बाकी पुढे नेली

रविवारी मीस सुटली, की हळदोण्यात आम्ही झोण वाटतो.
खाजन शेतांचा लिलाव, मानशीतल्या मासळीचा ठेका,
त्यातून बांधाची डागडुजी वजा,
फेस्ताचा खर्च, देवळातल्या दिव्याचं तेल वजा,
कारकुनाचा पगार वजा. तो माझा.
उरतं ते कोमुनिदादीच्या गांवकारांचं, माणशी
एकशे सदतीस रुपये पन्नास पैसे.

पन्नास पैसे आता कुणाकडेच नसतात,
फक्त वहीत असतात.
म्हणून मी एकशे अडतीस देते.

आलेशु मेंदोंसा तेवढ्यासाठी कोट घालून येतो.
चष्मा पुसतो, पेन झटकतो,
आणि म्हणतो, पाईचं नाव वाच बघू, नीट लिहिलंय ना?
मी वाचते.
तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान डोलावतो.
रोगतीनचा नातू रिक्षा चालू ठेवूनच आत येतो,
"बाय, पेट्रोलला तरी पुरतील?"

चारला पेटी बंद.
सहीवाचून राहिलेल्या ओळी:
नैरोबी, टोरोंटो, एकाचा पत्ता नुसताच 'बोटीवर'.
आणि क्रमांक दोनशे अकरा,
उल्हास वासुदेव केणी, स्विंडन.
माझा भाऊ.
कसल्याशा गोदामात रात्रपाळीला असतो.
फोनवर म्हणतो, माझे तूच ठेव गं, भजी खा.

ठेवता येत नाहीत.
मुलगे वयात आले की या वहीत येतात,
मुली येत नाहीत.
मी बाबांची थोरली.
तेवीस वर्षं वही माझ्या अक्षरात आहे
आणि माझं नाव तिच्यात खर्चाच्या बाजूला.

म्हापशाहून तपासनीस आला.
दोनशे अकरावर बोट ठेवून म्हणाला,
सात वर्षं झाली, घ्या आता संस्थेत जमा करून.
म्हटलं, पुढल्या साली बघू.
तांबड्या शाईनं लिहिलं, बाकी पुढे नेली.
इतकं दाबून, की खालच्या कोऱ्या पानावर
उल्हास आधीच उमटला.

मग त्यानं रोकड मोजली. पैशाला पैसा जुळला.
जुळणारच.
यंदा त्रेसष्ट जणांनी सह्या केल्या.
त्रेसष्ट वेळा पन्नास पैसे,
साडेएकतीस रुपये,
सकाळीच माझ्या पर्समधून पेटीत टाकले होते.

त्याला रकाना विचारला नाही मी.
त्यानं चहा मागितला, कमी साखरेचा.